ओलीची रेघ

१

रोज सकाळी कॉफीचं डिकाक्शन उतरेपर्यंत मी लोणा झाडत असे. दारात रांगोळी झाली की केरसुणी घेऊन हॉलच्या भिंतीकडेनं उकिडवं बसायचं. रातोरात भिंतीतून पांढरी पूड फुलून आलेली असे, मिठासारखी. ती सुपलीत भरायची, परसात टाकायची, हात धुऊन कॉफी गाळायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

घर जुनं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. घर नवं होतं. तंजावरच्या बाहेर, मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला, एक तळं बुजवून वसाहत पाडली होती. तिथं आम्ही ते बांधलं. माझे यजमान गुरुमूर्ती सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर होते. जोत्यावर डांबराचा थर पडल्याशिवाय हे वर एक वीट चढू देत नाहीत, अशी यांची ख्याती. थर नसेल तर जमिनीतली ओल भिंतीत चढते, हे यांना माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक.

आणि स्वतःच्या घराला यांनी तो थर घातला नाही.

का? तर डांबर तिरुचीहून यायला उशीर झाला, आणि गृहप्रवेशाला थोरले भावजी मद्रासहून यायचे होते. मुहूर्त हुकला तर मद्रासकरांपुढे नाक खाली. मी तेव्हा जोत्याजवळच उभी होते. "अहो, थर?" म्हणून विचारलं. गवंड्यांच्या देखत हे हसले.

"तू शाळेत भूगोल शिकव, अंबुजा. भिंत मला शिकवू नकोस."

त्यामुळे पहिल्याच पावसात ओल चढली तेव्हा मला नवल वाटलं नाही. राग आला. नकळत केलेली चूक मी पोटात घालते. कळून केलेली घालत नाही. आणि चूक झाली एवढं म्हणायलाही हा माणूस तयार नव्हता. ओल नाहीच, म्हणे. नवी भिंत आहे, वाळतेय.

२

त्या वर्षी वैशाखात पुत्तारू, म्हणजे गावातून जाणारा कालवा, ठणठणीत कोरडा पडला. पोरं त्यात क्रिकेट खेळत. आमच्या विहिरीत बादली सोडली की तळाच्या दगडावर खडखडायची. कत्तिरीचं, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या दिवसांचं, ऊन इतकं, की दुपारी कावळासुद्धा दिसेना. अशा दिवसांत कुठलीही ओल खाली उतरते.

आमची चढली.

आधी घोट्यापर्यंत होती ती गुडघ्यापर्यंत आली. मी केरसुणी टेकून बघत बसले. विटेतून ओल कशी चढते हे मला लग्नापासून ऐकून पाठ होतं. वातीतून तेल चढावं तशी, कुठं हातभर, कुठं वीतभर, वरची कड फाटक्या पदरासारखी. ही तशी नव्हती. ही सरळ होती. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या खोलीत, एकाच पातळीत गेलेली रेघ. मी शिवणाचा दोरा ताणून धरून पाहिला. कुठं वर नाही, कुठं खाली नाही.

बरं, भिंतीपुरती असती तर ठीक. तीच रेघ सागवानी कपाटावर होती. दाराच्या फळीवर होती. मागच्या खोलीत मधोमध दांडीवर लुगडं टाकलेलं होतं, कुठल्याही भिंतीला न टेकलेलं. त्याचा रेघेखालचा भाग चिंब, जड. वरचा भाग असा कडक, की दुमडला तर मोडेल.

मी यांना हाताला धरून आणलं.

"हे काय आहे, सांगा."

यांनी लुगड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नीट पिळलं नसशील."

"वरून खाली वाळतं ते अर्ध्यावर येऊन थांबतं का?"

"मग पुसताना पाणी उडवलं असशील. मला कामावर जायचंय."

त्याच संध्याकाळी हे सायकलच्या कॅरिअरवर सिमेंटची पिशवी घेऊन आले आणि रेघ झाकेल एवढा गिलावा केला. सिमेंटनं ओल मरत नाही, कोंडते, आणि कोंडली की वर चढते. हे वाक्य मी यांच्याच तोंडून ऐकलं होतं, एका कंत्राटदाराला झापताना. मी ते मोठ्यानं म्हणून दाखवलं. यांनी थापी आपटली.

"तोंड बंद ठेव!"

दोन-चार दिवसांत रेघ नव्या गिलाव्याच्या वर आली. तशीच सरळ.

३

मी विळीवर वांगी चिरत बसले होते. समोरच्या अलमेलुमामी त्यांच्या तिण्णैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, उखळात काहीतरी कुटत होत्या. दाणकन, दाणकन, असा आवाज रोजच यायचा. मी फोडी पातेल्यात टाकायला उठले तेव्हा तो आला. बसले, गेला. पुन्हा उठले, आला.

मला आधी हसूच आलं. म्हटलं, चाळिशी जवळ आली, कान गेले. मग मी जाणूनबुजून करून पाहिलं. हळूहळू खाली बसायचं. डोकं रेघेच्या पातळीला आलं की बसचा भोंगा, उखळ, कोकिळा, सगळं दूर जायचं, कानात बोटं घातल्यासारखं. मात्र पातेलं विळीला लागलं तर तो आवाज फार जवळून, थेट हाडात ऐकू यायचा.

लहानपणी तिरुवैयारूला कावेरीत बुडी मारून आम्ही बहिणी दगडावर दगड वाजवायचो. तो आवाज असा यायचा.

डॉक्टरांनी कानात दिवा धरून पाहिलं आणि म्हणाले, कान उत्तम आहेत, बाई, झोप नीट घ्या. घरी आल्यावर मी यांना सांगितलं. हे आरामखुर्चीत होते, डोकं रेघेच्या चांगलं वर.

"इथं माझ्याजवळ खाली बसा," मी म्हटलं. "एकदाच बसा. मग मी काही म्हणणार नाही."

"तुझ्या खुळापायी मी जमिनीवर बसू?"

हे बसले नाहीत. गुडघे दुखत नव्हते यांचे, काही नव्हतं. बसले नाहीत एवढंच.

४

आमची विजी तेव्हा पहिलीत होती. विजयलक्ष्मी नाव, पण विजीच म्हणायचो. अंगानं बारकी, बोलायला मात्र थांबणार नाही. शाळेला सुटी लागली होती, त्यामुळे दिवसभर ती जमिनीवर पाटी-खडू पसरून बसलेली असायची. आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की घरात फार शांतता आहे.

मी वळून पाहिलं. विजी बोलत होती. हात हलवून, माझ्याकडे बघून, तोंडभर काहीतरी सांगत होती. ऐकू काहीच येत नव्हतं. मी झटकन वाकले.

"...आणि मग त्या मांजरानं दूधच सांडलं, अम्मा, तू ऐकतच नाहीस कधी!"

ती रुसली होती. कितीतरी दिवस मला हाका मारून थकली होती.

त्यानंतर मी तिच्याशी वाकूनच बोलायला लागले. ती उभी राहिली की रेघ तिच्या खांद्याला यायची, मग हनुवटीला. मग एका सकाळी ती दारात उभी राहून बोलत होती आणि तिचा आवाज मध्येच तुटत होता, टाचा उंचावल्या की यायचा, टेकल्या की जायचा. हे आंघोळ करून बाहेर आले. विजी यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तोंड उघडमीट करू लागली.

"काय तमाशा आहे हा? नीट बोल!"

ती बोलत होती.

"विजी, मी सांगतोय, नीट बोल!"

यांचा हात उठला. मी मध्ये पडले. माझ्या अंगात काय शिरलं कोणास ठाऊक, मी यांचा हात मनगटाशी धरला आणि म्हटलं, "मारायचं तर नंतर मारा. आधी वाका. पोर काय म्हणतेय ते वाकून ऐका."

"अंबुजा, हात सोड."

"वाका!"

यांनी हात हिसडला, चपला घातल्या आणि सायकल काढली. न्याहारीसुद्धा केली नाही. मी खाली बसले. विजी रडत होती. रेघेखाली तिचं रडणं इतकं मोठं होतं, की सगळं घर त्यानं भरलं होतं.

"तू एवढं काय सांगत होतीस गे अप्पांना?"

"पायाखाली चिखल लागतो, एवढंच," ती हुंदके देत म्हणाली.

फरशी कोरडी होती. मी हात फिरवून पाहिला.

५

हे कामावर असताना मी भिंत फोडली.

मनाशी पक्कं ठरवलं होतं, की जे काही आहे ते विटांमध्ये आहे. ओल, क्षार, कोंडलेली वाफ. माणूस आजारी पडतो अशा घरात, कान बिघडतात, डोकं बिघडतं. उपायही मला ठाऊक होता. सिमेंट खरवडून काढायचं, विटा उघड्या ठेवून वारा द्यायचा, घराभोवती चर खणायचा, आणि मग चुन्याचा गिलावा, जो श्वास घेतो. यांची छिन्नी-हातोडी घेतली आणि हॉलच्या पुढच्या भिंतीला भिडले. प्रत्येक घाव मी रागानं घातला. हा मद्रासच्या भावजींसाठी. हा गवंड्यांसमोर हसलात त्यासाठी. हा विजीवर उगारलेल्या हातासाठी.

मोठा पोपडा सुटून पडला. आतल्या विटा उघड्या झाल्या.

त्या कोरड्या होत्या. भट्टीतून आज काढाव्या तशा, लालभडक. बोट लावलं तर धूळ आली. दरजांत ओलाव्याचा मागमूस नव्हता. मी आणखी फोडलं, रेघेच्या पार खाली, जोत्यापर्यंत. सगळं कोरडं.

मी हात मागे घेतला. कोपरापर्यंत निथळत होता. तो घाम नव्हता, गार होता.

भिंत ओली नव्हती. हे खरं तेच सांगत होते. ओल भिंतीच्या अलीकडे होती, खोलीत, जिथं मी बसले होते.

संध्याकाळी यांनी ती भिंत पाहिली. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. यांचा चेहरा पांढरा पडला. मग सदरा काढून ठेवला आणि घमेल्यात सिमेंट कालवायला घेतलं. तेव्हापासून यांनी रजाच टाकली. मध्ये एकदा साहेबांचं बोलावणं आलं म्हणून तेवढे गेले.

६

ती तीच दुपार. हे कामावर गेलेले, ऊन दारात येऊन थांबलेलं. रेघ माझ्या कमरेपर्यंत आली होती. विजी हॉलच्या मध्ये चटईवर आडवी होती. मी दोनदा हाक मारली. मग रेघेचं आठवून तिच्याशेजारी जाऊन आडवी झाले.

तिचे डोळे उघडे होते. गाल फुगलेले, तोंड घट्ट मिटलेलं. छाती हलत नव्हती.

"विजी!"

ती धडपडत उभी राहिली, टाचा उंचावून धापा टाकल्या, आणि पुन्हा शेजारी येऊन पडली.

"श्वास का रोखतेस?"

"खाली आल्यावर रोखायचा असतो," ती म्हणाली, मला एवढंही माहीत नाही अशा सुरात.

तिला ओढत बाहेर न्यायला मी उठणार, तेवढ्यात माझी नजर वर गेली. वर छत असायला हवं होतं. होतंही, पण ते हलत होतं. माझ्या आणि छताच्या मधे उजेडाचा एक पातळ पडदा पसरला होता, आणि दारातल्या उन्हाचे तुकडे त्यावर तरंगत होते. नदीच्या तळाशी पाठीवर पडून वर पाहिलं की दिसतं, तेच.

त्या पडद्यातून एक पाय खाली आला.

खोलीच्या अगदी मधोमध, जिथं ना पाट, ना पायरी, ना स्टूल. घाटावर उतरणारा माणूस पाण्याचा अंदाज घेतो तसा, आधी बोटं, मग चवडा, मग टाच. दिसत नसलेल्या पायरीवर तो नीट टेकला. नडगीपर्यंत आला आणि थांबला. अंगठ्याचं नख काळं होतं.

ते नख मला ठाऊक होतं. आमच्याच घराच्या बांधकामात यांच्या पायावर वीट पडली होती.

यांचं बाकीचं अंग वर कुठंच नव्हतं. मी विजीला उचलून उभी राहिले तेव्हा हॉल रिकामा होता. हे अंधार पडायच्या आत सायकलवरून आले, घामानं डबडबलेले, आणि कपडे न बदलता थापी घेऊन बसले.

७

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी जटका, म्हणजे घोडागाडी, बोलावली. पापनाशमला माझा भाऊ सुब्रह्मण्य राहतो. तिथं निघाले. विजीला अलमेलुमामींच्या तिण्णैवर बसवलं, ट्रंक गाडीत ठेवली आणि यांना न्यायला आत आले.

हो, न्यायला. रागावले होते, तरी टाकून जाणार नव्हते. तो पाय मी पाहिला होता.

हे पुढच्या भिंतीशी उकिडवे बसून गिलावा ओढत होते. रेघ यांच्या डोक्याच्या वर होती.

"उठा. चला आमच्याबरोबर."

यांनी मान वळवली. तोंड हललं. भुवया आवळलेल्या, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मला शब्द येत नव्हता. यांच्या डोक्यावरचे केस वर उभे राहून हळूहळू डुलत होते. वारा नव्हता.

मी वाकले. मीच वाकायचं, नेहमीप्रमाणे. गुडघ्यांवर हात टेकून, रेघेखाली डोकं घालून म्हटलं, "काय म्हणता?"

मला वाटलं होतं शिव्या असतील. आवाज शांत होता, कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता इतका मऊ.

"अंबुजा, दार लोटून घे," हे म्हणाले. "पाणी बाहेर जाईल."

मी यांचा दंड धरून ओढलं. हात निसटला, शेवाळ्यावरून निसटावा तसा. पुन्हा धरलं, पुन्हा निसटला. हे भिंतीकडे वळले आणि थापी फिरवायला लागले, मी तिथं नाहीच अशा रीतीनं. मग माझा संताप उसळला. मी बाहेर पडले आणि दार सताड उघडं टाकलं. मुद्दाम.

८

हे परत आले नाहीत, ते आधीच सांगून टाकते. लोक काय काय म्हणाले तेही मला माहीत आहे. बायकोच्या जिभेला कंटाळून परागंदा झाला, कुठं संन्यास घेतला. म्हणू देत.

मी भावाला घेऊन दुसऱ्या दिवशी भर दुपारी आले. विजी मला सोडेना, म्हणून तिलाही आणलं आणि पुन्हा समोरच्या तिण्णैवर बसवलं. दार लोटलेलं होतं. अलमेलुमामी म्हणाल्या, "काल तुम्ही गेलात तशी सारांनीच, तुमच्या यजमानांनीच, आतून लोटलं. नंतर कोणी दिसलं नाही."

सुब्रह्मण्यानं खांदा लावून दार उघडलं आणि आत गेला. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. आत सगळ्या भिंतींना गिलावा झाला होता, वरपासून खालपर्यंत, आरशासारखा गुळगुळीत. एक पोपडा नाही, पांढऱ्या पुडीचा कण नाही. इतकी सुकी, सुरेख भिंत मी आजवर पाहिली नाही. सुब्रह्मण्य खोलीभर फिरला, भिंतीवर हात फिरवला, माझ्याकडे वळून हसत काहीतरी म्हणाला.

मला ऐकू आलं नाही. तो ताठ उभा होता, सहा फुटांचा माणूस.

मी हळूच वर पाहिलं. रेघ होती. छताच्या खाली चार बोटं, चारी भिंतींवर, सरळ.

तो दाराजवळ आला तसा मी आत हात घालून त्याच्या सदऱ्याला धरलं आणि त्याला बाहेर खेचलं. तो भेलकांडत ओट्यावर आला. "अगं, ओल कुठाय? काही नाही तिथं," असं म्हणत होता, "तू उगीच..." आणि बोलता बोलता त्याचा आवाज पातळ होत गेला. जटक्याच्या घोड्याचे घुंगरू थांबले. घोडा तर मान हलवत होता. समोर अलमेलुमामी तोंडाला हात लावून काहीतरी ओरडत होत्या. आणि तिण्णैवरून उतरून विजी रस्त्यात आली होती. भर उन्हात उभी होती, गाल फुगवून, तोंड घट्ट मिटून.

मी दार ओढून घ्यायला धावले. सुब्रह्मण्यही लागला. जाड सागवानी फळी होती, मला वाटलं जोर लावावा लागेल. लावावा लागला नाही. फळी माझ्या हातातून सुटली आणि आतून लोटून घेतली गेली, अलगद, पाहुणे गेल्यावर घरधनी घेतो तशी. कडीचा आवाज आला.

मग घुंगरू वाजले, कावळा ओरडला, विजीनं धाप टाकली. ती धावत येऊन मला बिलगली.

सुब्रह्मण्य म्हणत होता, "चल, अंबू, चल इथून." मी हलले नाही. त्या बंद दारासमोर उभी राहून बोलत सुटले. जोत्यावरच्या थरापासून सुरुवात केली. भावजी, गवंडी, लुगडं, पोरीवर उगारलेला हात, एकेक घेतलं. एकदा चुकलो म्हटलं असतंत तर काय झालं असतं, हे विचारलं. अर्धी वसाहत गोळा झाली होती. घसा बसला तरी मी थांबले नाही. गाल ओले झाले होते ते मी पदरानं पुसले, आणि पुन्हा बोलले.

आत यांना काही ऐकू गेलं असेल का? दाराखाली बोटभर फट होती. तिथं वाकून बोलले असते तर कदाचित गेलं असतं.

मी वाकले नाही.